गाडीत पेट्रोलचा वास येतोय? पाना उचलण्याआधी वही उचला

मे महिन्यातली गोष्ट. चिपळूणला टाकी फुल्ल केली आणि कुंभार्ली घाट चढायला लागलो. अर्धा घाट झाला असेल, तेवढ्यात मागच्या सीटवरून लेक म्हणाली, "बाबा, पंपावर उभं असल्यासारखा वास येतोय." पुढे आम्हा दोघांना काहीच जाणवत नव्हतं. काचा खाली केल्या आणि तसेच पुढे गेलो. हे चुकलंच, तुम्ही असं करू नका. पाटणच्या पुढे सपाटीला वास गेला. कराडला गॅरेजमध्ये बोनेट उघडून पाहिलं, सगळं कोरडं ठणठणीत. "ऊन आहे साहेब, होतं असं," एवढं ऐकून परत आलो.

पंधरा दिवसांनी पुन्हा टाकी फुल्ल केली, पुन्हा चढ लागला आणि पुन्हा तोच वास. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. टाकी भरलेली असते तेव्हाच येतो, चढावरच येतो, मागे बसणाऱ्यालाच येतो. या तीन गोष्टी एकत्र ठेवल्या की बोट एकाच जागी जातं: मागच्या सीटखाली असलेल्या टाकीचा वरचा भाग. टाकीतून इंजिनाकडे पेट्रोल ढकलणारा पंप तिथे बसवलेला असतो, त्याची रबरी रिंग गेली होती. ही चूक बोनेटखाली कितीही वेळ शोधली असती तरी सापडली नसती.

म्हणून या लेखातली सगळ्यात महत्त्वाची पायरी पहिलीच आहे आणि तिला एकही हत्यार लागत नाही. वास कधी येतो, ते लिहून काढायचं.

त्याआधी एक गैरसमज काढून टाकू. "पेट्रोलची गाडी आहे, थोडा वास येणारच" हे वाक्य कार्बोरेटरच्या जमान्यातलं आहे. इंजेक्शनच्या गाडीत, म्हणजे जिथे इंजेक्टर नावाचे बारीक फवारे इंजिनात पेट्रोल सोडतात, टाकीपासून इंजिनापर्यंत सगळा मार्ग बंदिस्त असतो. टाकीत तयार होणारी वाफसुद्धा कोळशाच्या डब्यात, म्हणजे कॅनिस्टरमध्ये, साठवून नंतर इंजिनातच जाळली जाते. त्यामुळे आत वास येतोय म्हणजे कुठेतरी गळती आहे, नाहीतर अर्धवट जळलेला धूर आत येतोय. तिसरी शक्यता म्हणजे पेट्रोल बाहेरून गाडीत आलंय. यांपैकी काहीही "नॉर्मल" नाही.

आत्ता, या क्षणी जोराचा वास येत असेल तर

हा लेख बाजूला ठेवा. गाडी डावीकडे मोकळ्या जागी घ्या, इंजिन बंद करा, सगळ्यांना खाली उतरवा आणि वाऱ्याच्या वरच्या अंगाला तीस-चाळीस पावलं लांब उभे राहा. पेट्रोल उणे ४० अंशांच्या आसपासही पेट घेण्याइतकी वाफ सोडतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्याला फक्त ठिणगी हवी असते. ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते, त्यामुळे ती उडून जात नाही. गाडीच्या तळाशी, मॅटवर, पार्किंगच्या खोलगट भागात साचून राहते. खाली पेट्रोल थेंबथेंब गळताना दिसलं तर गाडी पुन्हा सुरू करू नका. गॅरेज हाकेच्या अंतरावर असलं तरी टोइंग बोलवा. धूर किंवा ज्वाळा दिसल्या तर १०१ किंवा ११२. बोनेट झटकन उघडायचं नाही, आत हवा गेली की आग भडकते.

घरी तपासायला बसाल तेव्हाचे नियम थोडे आहेत, पण ते पाळायचेच. गाडी उघड्यावर, सावलीत हवी. बंद गॅरेजमध्ये किंवा बेसमेंटमध्ये नको. चारही दारं आणि डिक्की अर्धा तास सताड उघडी ठेवा. बॅटरी काढायची असेल तर त्यानंतरच काढा, कारण टर्मिनल सुटताना ठिणगी पडू शकते. जवळपास शेगडी, उदबत्ती, विडी नको. वायरला लोंबणारा काचेचा बल्ब तर मुळीच नको. एलईडीची बॅटरी चालेल, पण लांबूनच सुरू करून आणा. एक-दोन किलोचं पावडरचं अग्निशामक हाताशी ठेवा आणि पोरांना लांब.

वास नक्की कसला?

पेट्रोलचा वास तीक्ष्ण, नाकात शिरणारा, थोडा गोडसर असतो आणि हवा लागली की लवकर उडतो. डिझेलचा वास घासलेटासारखा, तेलकट. तो बोटाला लागला तर साबणानेही दोन दिवस जात नाही. सीएनजीला मुळात वासच नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम वासाचं द्रव्य मिसळतात, त्यामुळे तो कुजलेल्या अंड्यासारखा किंवा सडक्या कोबीसारखा येतो. चौथा प्रकार कच्च्या धुराचा. डोळे चुरचुरतात आणि वास पेट्रोल अधिक सायलेन्सर असा मिश्र असतो.

सीएनजीच्या गाड्या आपल्याकडे घरोघरी झाल्यात, म्हणून त्याबद्दल स्पष्ट सांगतो. सिलिंडरमध्ये सुमारे २०० बारचा दाब असतो. त्यातला एकही नट घरी सैल किंवा घट्ट करायचा नाही. तुम्ही एवढंच करायचं: काचा आणि डिक्की उघडायची (हा वायू हवेपेक्षा हलका, छताकडे जमतो आणि उघडं मिळालं की निघून जातो), सिलिंडरवरचा हातानं फिरवायचा वॉल्व्ह बंद करायचा, आणि गाडी सीएनजीचं काम करणाऱ्या अधिकृत केंद्रात दाखवायची. शोधाला मदत म्हणून जोडांवर साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का ते पाहू शकता, त्यापुढे हात नको. सिलिंडरची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची चाचणी, दर ३ वर्षांनी करावी लागते. त्याची पट्टी गाडीवर असते, तारीख आजच बघून घ्या. सीएनजीवर चालणाऱ्या गाडीत पेट्रोलचाही वास येऊ शकतो हे विसरू नका. सुरू होताना ती बहुधा पेट्रोलच वापरते. वर्षानुवर्षं कमी वापरलेल्या पेट्रोलच्या नळ्या आणि रिंगा वाळून चिरतात.

डिझेलवाल्यांना दोन ओळी. बहुतेक वेळा वास सर्व्हिसनंतर सुरू होतो, आणि कारण फिल्टरचं नीट न बसलेलं सील किंवा इंजेक्टरवरच्या, उरलेलं डिझेल परत नेणाऱ्या बारीक रिटर्न नळ्या असतात. इंजिन चालू असताना कॉमन रेलच्या (सगळ्या इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या सामाईक पाइपच्या) लोखंडी नळ्यांवरून हात फिरवून गळती शोधू नका. आत दीड-दोन हजार बारचा दाब असतो. डोळ्याला न दिसणारी धार कातडीतून आत शिरते. तसं झालं तर जखम टाचणीएवढी दिसली तरी थेट हॉस्पिटल गाठायचं.

यापुढचं सगळं पेट्रोलच्या गाडीसाठी.

पायरी पहिली: वही

नाक फार लवकर सरावतं. गाडीत पाच मिनिटं बसलात की वास "कमी झाला" असं वाटतं. तो कमी झालेला नसतो, नाक थकलेलं असतं. म्हणून पहिला वास महत्त्वाचा. रात्री गाडी बंद करून ठेवा आणि सकाळी दार उघडल्या क्षणी वास घ्या. आधी मागचं दार, मग पुढचं, मग डिक्की. घरातलं दुसरं नाक सोबत घ्या, त्याला आधी काही सांगू नका.

तीन-चार दिवस पुढच्या नोंदी ठेवा: टाकी किती भरलेली होती, इंजिन थंड की गरम, गाडी उभी की चालती, चढ-उतार, एसी कोणत्या मोडवर होता, पुढे वास जास्त की मागे. या नोंदींवरून जागा अशी ओळखायची.

टाकी फुल्ल केल्यावरच वास येतो आणि अर्धी झाली की जातो: गळती टाकीच्या वरच्या भागात आहे. पंपाची रिंग, टाकीवरच्या नळ्यांचे जोड, फिलरची नळी (पेट्रोल भरायच्या तोंडापासून टाकीत जाणारी), त्या तोंडाचं झाकण. चढावर, वळणावर किंवा ब्रेक लावताना वाढतो: तेच, आणखी पक्कं.

सकाळी थंड इंजिन सुरू करताना येतो आणि गाडी तापली की थांबतो: बोनेटखाली एखादी रिंग किंवा नळीचा जोड थंडीत आकसून पाझरतोय. धातू तापून फुगला की तो जोड तात्पुरता बंद होतो.

सिग्नलला उभं असताना येतो, चालताना जातो: बोनेटखालचा वास वायपरच्या खालच्या जाळीतून आत ओढला जातोय. हे तपासायला सोपं आहे. उभ्या गाडीत एसीचं बटण बाहेरची हवा घेण्यावर ठेवा, मग आतलीच हवा फिरवण्यावर ठेवा. दुसऱ्यात वास थांबला तर शोध बोनेटखाली. (काही जण हे बटण कायमचं आतल्या हवेवर ठेवून प्रश्न सुटला म्हणतात. गळती तशीच चालू असते.)

उन्हात उभी केल्यावर येतो: वाफेची बाजू. झाकण, कॅनिस्टर, वाफेच्या नळ्या.

चालत्या गाडीत मागची काच उघडी असताना येतो: धूर. डिक्कीचं रबर तपासा. कागदाची पट्टी मध्ये धरून डिक्की बंद करा आणि पट्टी ओढा. सहज निसटली तर त्या जागी रबर बसत नाही. धुरात कार्बन मोनॉक्साइडही असतो आणि त्याला वास नसतो, त्यामुळे हे काम लांबणीवर टाकू नका.

पायरी दुसरी: क्षुल्लक कारणं आधी

पंपावर सांडलेल्या पेट्रोलवर पाय पडतो आणि बुटाच्या तळव्याने ते मॅटवर येतं. मॅट बाहेर काढून एक रात्र ठेवा. डिक्कीतला कोपरा न् कोपरा बघा. गवत कापायच्या मशीनसाठी बाटलीत आणलेलं पेट्रोल, फवारणीचा पंप, पेंटचा थिनर, बुटाच्या पॉलिशची उघडी डबी. खेड्याकडे ये-जा असलेल्या गाडीत निम्म्या वेळा उत्तर इथेच मिळतं. स्टेपनी उचलून खालच्या खळग्यातही नाक घाला.

मग झाकण. त्याच्या आतलं काळं रबर बोटाने वाकवून बघा. चिरा पडल्या असतील, चपटं झालं असेल किंवा त्यावर धुळीचा थर बसला असेल तर ते वाफ अडवत नाही. आधी पुसून बघा, नाही जमलं तर झाकणच बदला. आपल्याच मॉडेलचं घ्या, दिसायला सारखं असणारं नको, कारण आतला हवेचा वॉल्व्ह वेगळा असू शकतो.

आणि भरण्याची सवय. पंपावरचं नोझल स्वतःहून 'टक' करून बंद झालं की तिथेच थांबायचं. "राउंड फिगर करू का?" याला नाही म्हणायचं. ४० लिटर पेट्रोल १५ अंशांनी तापलं की अर्धा लिटरहून जास्त फुगतं. त्याला वर जागा नसेल तर ते वाफेच्या नळीतून कॅनिस्टरमध्ये घुसतं. आतला कोळसा वाफ धरण्यासाठी असतो, पेट्रोल पिण्यासाठी नाही. एकदा चिंब झालेला कॅनिस्टर साफ होत नाही, बदलावाच लागतो, आणि तो झाकणासारखा स्वस्त नसतो.

पायरी तिसरी: डोळ्यांनी शोध

पेट्रोल उडून जातं, म्हणून जमिनीवर डाग शोधत बसू नका. डाग शोधायचा तो धुळीत. आपल्या गाड्यांखाली धुळीचा थर असतोच. पेट्रोल जिथून पाझरतं तिथे तो थर एक तर धुऊन निघालेला असतो, स्वच्छ ओघळासारखा, नाहीतर ओला होऊन काळपट चिकटलेला असतो. जुनी गळती पिवळट-तपकिरी, वार्निशसारखा थर सोडते.

बोनेट उघडून पेट्रोलची नळी जिथून वर येते तिथून इंजेक्टरच्या पट्टीपर्यंत नजर फिरवा. प्रत्येक जोडाखाली पांढरा टिश्यू पेपर टेकवा, मग वास घ्या. आता एकाला आत बसवा. चावी ऑनवर करायची, स्टार्ट नाही करायचं. मागून दोन-तीन सेकंद 'ऊंऽऽ' असा आवाज येईल, तो पंप दाब भरतोय. चावी बंद करून पुन्हा ऑन, असं चार-पाच वेळा. नळीत आता तीन ते चार बार दाब आहे, म्हणजे टायरमधल्या हवेच्या दीडपटीहून थोडा जास्त. पंखा फिरत नाही, इंजिन गरम नाही, तुम्ही निवांत बघू शकता. जो जोड पाझरतोय तो आता ओला दिसतो.

उंदरांची शंका पावसाळ्यात जरूर घ्या. बोनेटखाली लेंड्या, कुरतडलेला स्पंज, दाण्यांची टरफलं दिसली तर रबरी आणि प्लॅस्टिकच्या नळ्या बोटाने सगळ्या बाजूंनी चाचपा. वरून धडधाकट दिसणाऱ्या नळीला खालच्या बाजूने दातांची नक्षी सापडते.

ऑइलची पट्टी काढून हुंगा. ऑइलला पेट्रोलचा वास येतो आणि पातळी खुणेच्या वर गेलीय, असं असेल तर एखादा इंजेक्टर बंद होत नाही आणि पेट्रोल सिलिंडरमधून ऑइलमध्ये उतरतंय. असं पातळ झालेलं ऑइल इंजिन खाऊन टाकतं. गाडी चालवू नका. 'चेक इंजिन' दिवा लागला असेल, गाडी मिसिंग मारत असेल, काळा धूर असेल तर गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोषाचे कोड वाचणारा स्कॅनर लावा. पी०१७२ हा कोड आला की मिश्रणात पेट्रोल जास्त होतंय असा अर्थ.

गाडीखाली बघायचं असेल तर नुसत्या जॅकवर उचलून आत शिरू नका, कधीच. रॅम्प हवा, नाहीतर गॅरेजची लिफ्ट. तिथे पुढून मागे जाणाऱ्या नळ्या, मागच्या चाकाच्या आत फिलरची रबरी नळी आणि तिच्या दोन क्लिपा बघायच्या. किनाऱ्यावरच्या गाड्यांत खारट हवेने लोखंडी नळ्या नेमक्या पकडीच्या क्लिपखाली गंजतात, क्लिप बाजूला सारल्याशिवाय दिसत नाहीत. पंपावर भरताना मागच्या चाकाजवळ ओघळ येत असेल तर फिलरची नळीच.

जागा पक्की होत नसेल तर एक जुनी युक्ती. संशयाच्या जागेवर पातळ प्लॅस्टिकची पिशवी सैलसर बांधून रात्रभर ठेवा. सकाळी पिशवी सोडा आणि आत नाक न्या. दोन जागांवर दोन पिशव्या बांधल्या तर निवाडा लगेच होतो.

पायरी चौथी: पंपाची रिंग बदलणे

हे काम सविस्तर देतो, कारण ते सगळ्यात जास्त वेळा निघतं आणि सगळ्यात जास्त वेळा अर्धवट केलं जातं. आमच्या गाडीत काही महिन्यांपूर्वी पंप बदलला होता आणि जुनीच रिंग परत बसवली होती. पेट्रोलमध्ये राहून हे रबर फुगतं, बाहेर काढलं की खाचेत पुन्हा नीट बसत नाही. मी काढलेली रिंग नव्या रिंगेशेजारी ठेवली तर घेर करंगळीच्या पेराएवढा मोठा होता. एका बाजूला ती दुमडून खाचेबाहेर आली होती, आणि तिथेच प्लॅस्टिकवर ओल्या धुळीची चंद्रकोर उमटली होती.

बऱ्याच हॅचबॅक आणि सेडानमध्ये मागची सीट उचलली की पत्र्याचं किंवा प्लॅस्टिकचं झाकण दिसतं. तुमच्या गाडीत तसं झाकण नसेल तर टाकी खाली उतरवावी लागते आणि ते काम गॅरेजचंच. झाकण आहे, तर असं करा.

टाकी पाव किंवा त्याहून कमी असू द्या. दारं उघडून अर्धा तास हवा खेळू द्या. सीटची बैठक पुढच्या कडेला धरून वर ओढा, क्लिपा सुटतात, काही गाड्यांत दोन बोल्ट असतात. झाकण काढायच्या आधी आणि नंतरही आजूबाजूची माती ब्रशने, मग ओल्या फडक्याने पुसून घ्या. तिथे वर्षांची धूळ, केस, बिस्किटाचा चुरा साचलेला असतो आणि टाकी उघडली की तो सरळ पेट्रोलमध्ये पडतो. व्हॅक्यूम क्लीनर लावू नका, त्याची मोटर ठिणग्या टाकते. पुसण्याच्या आधी मात्र फोटो काढा, ओल कुठे आहे ते नंतर कळणार नाही.

आता दाब काढायचा. फ्यूज बॉक्सच्या झाकणावरचा नकाशा बघून पंपाचा फ्यूज काढा, इंजिन सुरू करा, ते आपोआप बंद पडेल. आणखी तीन-चार सेकंद स्टार्टर फिरवा. (आत वास दाटलेला असेल तर हे करू नका, आधी हवा.) मग बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. पंपाचं वायरिंग सॉकेट सोडवा. नळीच्या जोडाभोवती फडकं गुंडाळून दोन्ही बाजूंची कळ दाबून जोड ओढा. थोडं पेट्रोल येतंच, फडक्यात जाऊ द्या. जुन्या गाडीत या कळा काचेसारख्या तुटतात, जोर नको.

वरची मोठी फिरकी रिंग कुठे थांबली आहे ते मार्करने आखून ठेवा. ती सोडवायला पट्ट्याचा पाना मिळतो. नसेल तर लाकडी दांडका आणि हलके ठोके. छिन्नी आणि लोखंडी हातोडी पेट्रोलच्या उघड्या टाकीवर वापरताना मी माणसं पाहिली आहेत, ते दृश्य आठवलं तरी अंगावर काटा येतो. पंप सरळ वर ओढू नका. खाली पेट्रोल मोजणारा तरंगता काटा असतो, तो वाकला तर मीटर कायमचा खोटं बोलेल. तिरका करत काढा, टाकीचं तोंड लगेच स्वच्छ फडक्याने झाका.

पंपाच्या प्लॅस्टिकच्या माथ्यावर, विशेषतः नळी जिथून बाहेर येते त्या बुडाशी, केसासारखी चीर आहे का बघा. असेल तर नुसती रिंग बदलून उपयोग नाही, तो भागच बदला. चीर एपॉक्सीने भरणारे भेटतील. पेट्रोल ते भरण सैल करतं आणि तुम्ही महिन्याभरात तिथेच परत येता.

खाच पुसा, नवी रिंग पीळ न पडता बसवा, पंप खुणेवर ठेवा, फिरकी रिंग आधी हाताने आणि मग खुणेपर्यंत आवळा. खुणेच्या पुढे नको. जोड लावताना 'टक' ऐकू आलं पाहिजे, नंतर मागे ओढून खात्री करा. बॅटरी, फ्यूज, मग स्टार्ट न करता चावी चार-पाच वेळा ऑन. रिंगेभोवती टिश्यू फिरवा.

इथे बहुतेक जण सीट बसवून मोकळे होतात. थांबा. पाव टाकीवर ही जागा कोरडी असणारच, परीक्षा फुल्ल टाकीची आहे. मागे कुणाला न बसवता पंपावर जा, पहिल्या 'टक'पर्यंत भरा, परत येऊन गाडी चढावर नाक वर करून अर्धा तास उभी करा आणि पुन्हा टिश्यू. कोरडा निघाला तरच झाकण आणि सीट लावा.

बाकीच्या दुरुस्त्या

रबरी नळी बदलताना तिच्या अंगावर काय छापलंय ते वाचा. इंजेक्शनच्या गाडीला एसएई जे३० आर९ लिहिलेली नळी हवी. आर७ कमी दाबाची, कार्बोरेटरसाठी. हार्डवेअरच्या दुकानातली पारदर्शक नळी काही आठवड्यांत पिवळी पडून कडक होते. २०२५ पासून आपल्या पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल सर्रास मिळतं आणि त्याआधीच्या काळातली जुनी रबरं त्यात लवकर फुगतात किंवा चिरतात. दहा-बारा वर्षांच्या गाडीत एक नळी गेली असेल तर तिच्या वयाच्या बाकीच्या नळ्याही त्याच वेळी बदला. क्लिप गुळगुळीत कडेची, पट्टीची घ्या, तारेची क्लिप रबर कापते. उंदराने कुरतडलेल्या नळीवर टेप लावायची नाही.

इंजेक्टरच्या रिंगा बदलायच्या तर सगळ्याच. बसवताना स्वच्छ इंजिन ऑइलचं बोट फिरवा, ग्रीस नको. पहिल्यांदाच करत असाल तर हे काम गॅरेजमध्ये शेजारी उभं राहून बघा.

कॅनिस्टरच्या पर्ज वॉल्व्हची, म्हणजे साठलेली वाफ इंजिनाकडे सोडणाऱ्या वॉल्व्हची, तपासणी सोपी आहे. इंजिन बंद असताना वॉल्व्ह सोडवून सायकलच्या पंपाने एका टोकातून हवा मारा. वीज नसताना तो बंद असतो, हवा पलीकडे जाता कामा नये. तोंडाने फुंकू नका, पेट्रोलमध्ये बेंझिन असतं आणि ते कर्करोगाला कारण ठरतं. वाफेच्या बारीक नळ्यांची गळती डोळ्यांनी सापडत नाही. मोठ्या गॅरेजमध्ये धूर सोडून तपासायचं मशीन असतं, तिथे जा.

गॅरेजमध्ये वही घेऊन जा. "वास येतो" असं सांगण्याऐवजी "टाकी फुल्ल असताना, चढावर, मागच्या सीटवर येतो" सांगितलंत की त्यांचा निम्मा वेळ वाचतो आणि तुमचा खर्चही. भाग बदलण्याआधी गळती दाखवायला सांगा, काढलेला भाग परत मागा. टाकीला भोक पडलं असेल आणि कुणी ती गाडीवर असतानाच वेल्डिंग करतो म्हणाला तर गाडी तिथून बाहेर काढा. "रिकामी केलीय" हे उत्तर धोका वाढवणारं आहे, कारण रिकाम्या टाकीत वाफ आणि हवा यांचं स्फोटक मिश्रण भरलेलं असतं. आणि कंपनीच्या साइटवर चासी नंबर टाकून रिकॉल आहे का, म्हणजे दोष दुरुस्त करायला कंपनीने तुमची गाडी परत बोलावली आहे का, तेही पाहा. इंधन पंप आणि नळ्यांसाठी रिकॉल निघतात आणि ती दुरुस्ती फुकट होते.

गळती थांबली, वास उरला

एक-दोन दिवस वास राहणं साहजिक आहे. कार्पेटवर पेट्रोल सांडलं असेल तर आधी जुन्या सुती कापडाने दाबून टिपा, घासू नका. मग खायचा सोडा जाडसर पसरून रात्रभर दारं उघडी ठेवा, सकाळी ब्रशने झटका, दोन-तीनदा करा. कार्पेटखालचा फोम भिजला असेल तर वरून काहीही केलं तरी वास उरतो. कार्पेट उचलून तो फोम बाहेर काढा आणि दोन उन्हं दाखवा. केबिनचा एसी फिल्टर बदला, तोही वास धरून ठेवतो. सुगंधी कांडी लावू नका. तिच्या वासात पुढची गळती लपेल, आणि पुढचा आठवडाभर तुम्हाला नाकावरच विसंबायचं आहे.

आठवड्यानंतर सकाळी दार उघडताच पुन्हा तोच वास आला तर वहीचं नवं पान काढा आणि वेळा पुन्हा पहिल्यापासून लिहा. जुन्या नोंदी समोर ठेवा. वेळ तीच असेल तर तुमची दुरुस्ती बसलेली नाही. वेळ बदलली असेल तर ही दुसरी गळती आहे, जी पहिलीच्या वासाखाली इतके दिवस झाकली गेली होती.